दाटी आणि नागरवस्ती : भारत व जपान

लोकसंख्येचा विषय निघाला कीं आपल्याकडे बहुधा एकच उद्गार ऐकूं येतो : “आपल्या देशांत माणसेंच फार झालीं!” आगगाडींत बसावयास जागा मिळाली नाहीं, दवाखान्यांत रांग लागली, शाळेंत मुलाचें नांव घालतांना अडचण पडली, कीं सर्व दोषांचें खापर या एका वाक्यावर फोडून आपण मोकळे होतों. या उद्गारांत तथ्य नाहीं असें मुळींच नाहीं. परंतु फार म्हणजे किती, कशाच्या मानानें फार, आणि नेमकें कोठें फार, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ते विचारण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे आपल्या देशाशेजारीं दुसरा एखादा देश ठेवून दोहोंकडे एकदम पाहणें. आजच्या भाषणापुरता मीं त्यासाठीं जपान निवडला आहे. दाटीच्या आंकड्यांत हे दोन देश जवळजवळ सारखे आहेत; आणि तरीही एकास जग शहरांचा देश म्हणून ओळखतें व दुसऱ्यास खेड्यांचा. सारख्याच दाटींतून इतकीं निराळीं चित्रें कशीं निघतात, हें एकदां उमगलें म्हणजे पुणें जिल्ह्यांतील मोरगांवासारख्या एखाद्या गांवाचा प्रश्नही अधिक स्पष्ट दिसूं लागतो.

प्रथम आंकडे पाहूं. भारताच्या २०११ सालच्या खानेसुमारींत, म्हणजे आपण आतां जिला जनगणना म्हणतों तींत, दर चौरस किलोमीटरास ३८२ माणसें आढळलीं. जपानांत अशी गणती दर पांच वर्षांनीं होते. तेथील २०१० सालच्या गणतींत हाच आंकडा ३४३ होता. आपल्याकडील २०२१ ची गणती लांबणीवर पडली असल्यामुळें तुलनेसाठीं एकमेकांजवळचीं हीं दोन वर्षें धरणेंच सोयीचें आहे. भारत हा क्षेत्रफळानें जपानच्या आठपटींहून मोठा. तेव्हां तुलना आटोपशीर करावयाची तर भारताच्या जागीं महाराष्ट्र घ्यावा. महाराष्ट्राचें क्षेत्रफळ ३ लक्ष ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर, जपानचें सुमारें ३ लक्ष ७८ हजार. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ सालीं ११ कोटी २४ लक्ष, जपानची २०१० सालीं १२ कोटी ८१ लक्ष. दर चौरस किलोमीटरास महाराष्ट्रांत ३६५ माणसें, जपानांत ३४३. दोन सख्ख्या भावांच्या उंचींत असावा एवढाच हा फरक.

आतां याच दोन मुलखांतील नागरवस्तीचा आंकडा पाहा. शहरांत राहणाऱ्या लोकांचें प्रमाण महाराष्ट्रांत शेंकडा ४५, सबंध भारतांत शेंकडा ३१, आणि जपानांत शेंकडा ९१! दाटी सारखी, आणि नागरवस्ती मात्र एकीकडे निम्म्याहून कमी व दुसरीकडे जवळजवळ सर्वस्वीं. येथें कोणाही विचारी माणसास दोन शंका आल्यावांचून राहणार नाहींत. पहिली, ‘दाटी’ या शब्दाचा दोन्ही ठिकाणीं अर्थ एकच आहे काय? आणि दुसरी, ‘शहर’ या शब्दाचा तरी एकच आहे काय? या दोन्ही शंका रास्त आहेत. त्या एकामागून एक घेऊं.

दाटीचा आंकडा ही सरासरी आहे, आणि सरासरीचा स्वभाव असा कीं ती खरें बोलते, पण पुरतें बोलत नाहीं. तीन खोल्यांच्या घरांत सहा माणसें राहतात असें कोणी सांगितलें तर आपण म्हणूं, खोलीस दोन माणसें, ठीक आहे. परंतु त्यांपैकीं दोन खोल्यांस कुलूप असेल, तर सहाही माणसें एकाच खोलींत निजतात हें त्या सरासरीवरून कळावयाचें नाहीं. जपान हें अगदीं असेंच घर आहे. त्या देशाचा सुमारें दोनतृतीयांश भाग डोंगर आणि अरण्य यांनीं व्यापलेला आहे. तेथें वस्तीही नाहीं व शेतीही नाहीं. लागवडीखालील जमीन २०१० सालीं सुमारें ४६ लक्ष हेक्टर, म्हणजे देशाचा केवळ आठवा हिस्सा होती. महाराष्ट्रांत प्रत्यक्ष पेरणीखालीं असलेलें क्षेत्र सुमारें १७४ लक्ष हेक्टर, म्हणजे राज्याच्या निम्म्याहून अधिक आहे. या जमिनीवर लोकसंख्या वांटून पाहिली कीं चित्र पालटतें. पिकाऊ जमिनीच्या दर हेक्टरामागें जपानांत २८ माणसें पडतात. महाराष्ट्रांत पडतात साडेसहा. जमिनीच्या मानानें पाहतां जपानची दाटी आपल्या चौपटीहून अधिक आहे.

मग जपान एवढीं माणसें पोसतो कसा? याचें उत्तर असें कीं तो त्यांस स्वतःच्या जमिनीवर पोसतच नाहीं. तेथील लोकांच्या आहारांतून त्यांस जी शक्ति मिळते, तिच्यापैकीं शेंकडा चाळीसांहूनही कमी भाग देशांत पिकलेल्या अन्नाचा असतो. उरलेलें अन्न यंत्रें, मोटारी आणि कारखान्यांतील इतर माल विकून परदेशांतून घ्यावें लागतें. म्हणजे जपानी माणसाचा पाय आपल्या जमिनीवर असला तरी त्याची भाकरी, अथवा तेथल्यापुरतें बोलावयाचें तर त्याचा भात, जमिनीवर अवलंबून राहिलेला नाहीं. आपली स्थिति याच्या उलट आहे. २०११ च्या गणतीप्रमाणें महाराष्ट्रांतील कामकरी लोकांपैकीं निम्म्याहून अधिक लोक शेतकरी किंवा शेतमजूर होते. सरासरी शेतकऱ्याच्या वांट्यास १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टर राहिली. मुलूख तेवढाच, पण वांटणीस बसलेले हात वाढले. खरी दाटी ती ही. ती रेल्वेच्या डब्यांत दिसत नाहीं; सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नांवांची रांग लांबत जाते, तींत दिसते.

आतां दुसरा शब्द, शहर. आपल्या जनगणनेंत दोन प्रकारचीं शहरें धरलीं जातात. ज्या ठिकाणीं कायद्यानें नगरपालिका, महानगरपालिका अथवा छावणी मंडळ स्थापन झालें आहे तें आपोआप शहर; हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारास तीन कसोट्या लागतात : वस्ती निदान ५,००० असावी, कामकरी पुरुषांपैकीं शेंकडा ७५ तरी शेतीबाहेरच्या धंद्यांत असावेत, आणि दर चौरस किलोमीटरास निदान ४०० माणसें असावींत. या कसोट्या १९६१ च्या गणतीपासून लागू झाल्या. तेव्हां शेवटचा आंकडा दर चौरस मैलास एक हजार असा होता.

जपानांतील रीत निराळी. तेथें कायद्यानें ‘शी’ म्हणजे नगर ठरलेल्या हद्दींत जो राहतो तो नगरवासी. या हद्दी कशा ठरतात याची एक मनोरंजक हकीकत आहे. १९५० सालीं जपानांत नगरवासी लोक शेंकडा ३७ होते. १९५५ सालीं ते एकदम शेंकडा ५६ झाले. पांच वर्षांत देशाचा जवळजवळ पांचवा हिस्सा खेडें सोडून शहरांत गेला काय? तसें झालें नाहीं. १९५३ सालीं तेथें गांवांच्या एकत्रीकरणास उत्तेजन देणारा कायदा झाला आणि शेंकडों खेडीं शेजारच्या नगरांत विलीन झालीं अथवा एकमेकांस मिळून नवीं नगरें बनलीं. पुष्कळ शेतकरी आपल्याच भातशेतांत उभे होते. त्यांच्या पायांखालून हद्द तेवढी सरकली. पुढें १९९९ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत असेंच दुसरें मोठें एकत्रीकरण झालें आणि ३,२०० हून अधिक असलेल्या तेथील स्थानिक संस्था १,७०० च्या आसपास आल्या. जपानी नगराच्या हद्दींत आज डोंगर, अरण्यें व भातखाचरें सुखानें नांदतात तीं यामुळेंच.

जपानी आंकडेशास्त्रज्ञ या घोटाळ्यास भुलले नाहींत. १९६० च्या गणतीपासून त्यांनीं कायद्याच्या हद्दी बाजूस ठेवून ‘दाट वस्तीचे पट्टे’ निराळे मोजण्यास आरंभ केला. एकमेकांस लागून असलेल्या ज्या मोहल्ल्यांत दर चौरस किलोमीटरास निदान ४,००० माणसें आहेत व एकूण वस्ती निदान ५,००० आहे, तोच असा पट्टा. या मापानें २०१० सालीं जपानांतील नागरवस्ती शेंकडा ९१ न भरतां शेंकडा ६७ भरली. आणि हे एवढे लोक देशाच्या शेंकडा साडेतीनांहूनही थोड्या कमी भूमीवर राहत होते. आपली व त्यांची कसोटी शेजारीं ठेवून पाहा : पांच हजार वस्तीचा नियम दोघांचाही सारखा, परंतु दाटीचा नियम आपला चारशेंचा, त्यांचा चार हजारांचा. दसपट अंतर! तेव्हां “अमुक देश इतका नागर” असें वाक्य वाचतांना तो देश कोणत्या गजानें मोजला हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

हद्द सरकण्याचा हा प्रकार केवळ जपानांतच घडतो असेंही नाहीं. बारामती नगरपरिषदेच्या हद्दींत जळोची, तांदुळवाडी, रुई हीं शेजारचीं गांवें मागाहून आलीं. पुणें महानगरपालिकेनें १९९७, २०१७ आणि २०२१ या सालीं भोंवतालचीं गांवें आपल्या पोटांत घेतलीं. त्या त्या दिवशीं हजारों कुटुंबें ग्रामीण म्हणून निजलीं आणि नागरी म्हणून उठलीं. पाण्याचा नळ मात्र हद्दीइतक्या वेगानें सरकत नाहीं, हें त्या गांवांतील गृहिणींस सांगावयास नको.

दाटी वाढली कीं शहर आपोआप होतें, असाही एक समज आहे. तो खरा असता तर बिहार हा आपल्या देशांतील सर्वांत नागर प्रांतांपैकीं एक ठरला असता. २०११ सालीं तेथें दर चौरस किलोमीटरास १,१०६ माणसें होतीं, म्हणजे जपानच्या तिपटीहून अधिक. आणि नागरवस्ती होती शेंकडा ११ च्या थोडी वर. केरळांत दाटी ८६०, बिहारपेक्षां कमी. नागरवस्ती मात्र शेंकडा ४८ च्या जवळ. गंगेच्या सुपीक गाळावर हजारों वर्षें पुष्कळ माणसें दाटीनें राहिलीं, परंतु त्यांचा धंदा शेतीचाच राहिला. दाट वस्तीचें खेडें हें दाट वस्तीचें खेडेंच असतें. त्याचें शहर होण्यास शेतीबाहेरचें काम लागतें, मालाची व माणसांची ने-आण लागते, बारमाही पाणी लागतें, आणि कोणती तरी राजसत्ता अथवा व्यापारी सत्ता तेथें येऊन बसावी लागते.

हें पटण्यासाठीं आपण आपल्याच जिल्ह्यांतील दोन गांवें घेऊं. मोरगांव हें बारामती तालुक्यांत, कऱ्हा नदीच्या कांठीं, पुण्याहून सासवड-जेजुरीवरून बारामतीस जाणाऱ्या वाटेवर वसलेलें आहे. अष्टविनायकांतील पहिलें स्थान म्हणून त्याची ओळख महाराष्ट्रास नव्यानें करून देण्याची गरज नाहीं. दुसरें गांव पवनेच्या कांठचें चिंचवड. मोरया गोसावी यांचें नांव या दोन्ही स्थानांशीं सारखेंच निगडित आहे. त्यांची समाधि चिंचवडास आहे, आणि भाद्रपदांत व माघांत तेथून मोरगांवास पालखी येते. दोन्हीं गांवें नदीकांठचीं, दोन्हींची ख्याति एकाच दैवतामुळें, दोहोंच्या मधलें अंतर पालखीनें चालून जाण्याइतकें. अठराव्या शतकांतील एखाद्या प्रवाशास विचारलें असतें, कीं यांपैकीं कोणतें गांव पुढें महानगर होईल, तर त्यास उत्तर देतां आलें नसतें.

आज उत्तर आपल्यापुढें आहे. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, ती चिंचवडावरून. १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस सरकारी पेनिसिलिनचा कारखाना निघाला. १९६० नंतर त्या टापूंत औद्योगिक वसाहत झाली आणि मोठमोठे कारखाने उभे राहिले. १९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. २०११ सालीं तिची वस्ती सुमारें सवासतरा लक्ष होती, आणि दर चौरस किलोमीटरास नऊ हजारांहून अधिक माणसें. ही दाटी जपानी कसोटीच्याही दुप्पट झाली!

मोरगांवाकडे आगगाडी आली नाहीं. कालव्याचीही तीच कथा. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला आणि त्यानें बारामती तालुक्याच्या दक्षिण भागाचें व पुढें इंदापूर तालुक्याचें रूप पालटलें. ऊंस आला, गुऱ्हाळें आलीं, मागून साखर कारखाने आले. इंदापूर तालुक्यांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं उभारलेल्या साखर कारखान्याभोंवतीं वालचंदनगर ही सबंध औद्योगिक वसाहतच वसली. मोरगांवाचा भाग मात्र कालव्याच्या पाण्यापासून वर, जिराईत मुलखांत राहिला. तेथें पावसाच्या भरंवशावर बाजरी व ज्वारी होते, आणि गांवाचा कारभार ग्रामपंचायत पाहते. देव तोच, भक्तही तेच. फरक पडला तो पाणी, लोहमार्ग आणि काम या तीन गोष्टींनीं.

जपानांत या गोष्टीस सुंदर जोड सांपडते. देवळाच्या महाद्वारापुढें वाढलेल्या गांवास तेथें ‘मोन्झेन-माची’ असें निराळें नांवच आहे. होन्शू बेटाच्या मध्यभागीं डोंगरांनीं वेढलेलें नागानो हें असेंच झेन्कोजी या प्रसिद्ध बौद्ध मंदिराच्या दारापुढें वाढलेलें गांव. यात्रेकरूंवर जगणारें तें एक क्षेत्र होतें, मोरगांवाचें दूरचें भावंडच म्हणाना. प्रांताचें ठाणें तेथें आलें, १८८८ सालीं आगगाडी पोहोंचली, १८९७ सालीं त्यास नगराचा दर्जा मिळाला, आणि १९९८ सालीं हिवाळी ऑलिंपिक सामने तेथें भरले. २०१० सालीं त्याची वस्ती ३ लक्ष ८१ हजार होती. पण या नगराच्या हद्दींत सुमारें ८३५ चौरस किलोमीटर मुलूख येतो, त्यांत बराचसा डोंगर. हिशेब केला तर दर चौरस किलोमीटरास ४५७ माणसें निघतात. एका जपानी प्रांताची ही राजधानी आपल्या चारशेंच्या कसोटीस जेमतेम उतरते! नुसत्या दाटीवरून शहर ओळखावयास निघालेल्या माणसास नागानो सांपडणारच नाहीं.

आतां सबंध मुलखाकडे पुन्हां वळूं. मोठ्या शहरांच्या ओढीच्या बाबतींत जपान आणि महाराष्ट्र यांचें साम्य पाहून नवल वाटतें. टोकियो व त्याच्या लगतचे तीन प्रांत मिळून जपानचे शेंकडा २८ लोक देशाच्या शेंकडा ४ पेक्षांही कमी भूमीवर राहतात. महाराष्ट्रांत मुंबईचे दोन जिल्हे, तेव्हांचा अविभक्त ठाणें जिल्हा व पुणें जिल्हा मिळून २०११ सालीं राज्याचे शेंकडा २९ लोक शेंकडा साडेआठांहून कमी भूमीवर होते. विरळ टोकेंही अशींच जुळतात : जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर दर चौरस किलोमीटरास सुमारें ७० माणसें, आपल्या गडचिरोली जिल्ह्यांत ७४.

साम्य एवढ्यावरच थांबत नाहीं. ज्या प्रांतांतून शहरास माणसें पुरविलीं जातात ते प्रांत पुढें रिते होऊं लागतात. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखरास पोहोंचली व मग उतरूं लागली. २०२० सालीं ती १२ कोटी ६१ लक्ष होती, आणि दर शंभरांत २८ हून अधिक माणसें पासष्ट वर्षांवरचीं होतीं. २०२३ सालच्या पाहणींत तेथें ९० लक्ष घरें रिकामीं आढळलीं. म्हणजे दर सात घरांत जवळजवळ एक. मुख्यतः शेतीवर राबणाऱ्या माणसांचें सरासरी वय २०२० सालीं ६७ च्या पुढें गेलें होतें. ज्या देशांत हेक्टरामागें २८ माणसें, त्याच देशांत शेत कसावयास तरुण मिळत नाहीं!

हें सर्व दूर देशींचें आहे असें समजूं नये. कोंकणांत त्याची पहिली खूण दिसूं लागली आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या शेंकडा १६ नें वाढली. पण रत्नागिरी जिल्ह्याची १६ लक्ष ९७ हजारांवरून १६ लक्ष १५ हजारांवर आली, आणि सिंधुदुर्गाचीही शेंकडा दोनांहून अधिक घटली. रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. पुरुष मुंबईस गेले आणि घर, गुरें व म्हातारीं माणसें स्त्रियांच्या गळ्यांत पडलीं, ही जुनी कथा त्या एका आंकड्यांत सांठवलेली आहे. जपानच्या डोंगराळ गांवांत आज जें पुरतें घडून गेलें आहे, त्याचा हा आरंभ आहे.

तेव्हां महाराष्ट्रापुढें, आणि त्यांतील मोरगांवासारख्या गांवांपुढें, दोन निराळे धोके आहेत, व सरासरीचा आंकडा दोन्ही झांकून टाकतो. पहिला धोका गांव वाढूनही खेडें म्हणून मोजलें जाण्याचा. गणतीस बसणारे अधिकारी राहत्या माणसांस मोजतात. मोरगांवास चतुर्थीस व उत्सवाच्या दिवशीं जो यात्रेकरूंचा लोंढा येतो, तो त्या हिशेबांत कोठेंच नसतो. त्यांना प्यावयास पाणी हवें, शौचकूप हवेत, गाड्या उभ्या करावयास जागा हवी, मागें राहिलेला केर उचलावयास माणसें हवींत. काम नगराचें, आणि तें करणाऱ्या संस्थेचे अधिकार व उत्पन्न खेड्याचें. ही अडचण एकट्या मोरगांवाचीही नाहीं. वर सांगितलेल्या तीन कसोट्यांस उतरल्यामुळें गणतीनें ज्यांस शहर म्हटलें, पण जेथें नगरपालिका झाली नाहीं, अशीं गांवें २००१ सालीं सबंध भारतांत १,३६२ होतीं. २०११ सालीं तीं ३,८९४ झालीं. गणतीच्या पुस्तकांत शहर आणि कायद्याच्या पुस्तकांत खेडें, अशा अधांतरीं अवस्थेंत हीं हजारों गांवें वाढत आहेत. गटार कोणीं बांधावें, घराच्या बांधकामास परवानगी कोणीं द्यावी, रस्त्यास रुंदी कोणीं ठेवावी, हे प्रश्न वेळेवर सोडविले नाहींत तर पुढें ते सोडविण्यास घरें पाडावीं लागतात, हें पुण्याच्या आसपास आपण पाहतच आहों.

दुसरा धोका गांव रितें होण्याचा. जिराईत मुलखांतील शिकलेला तरुण पुण्याची अथवा मुंबईची वाट धरतो, त्यास कोणी दोष देऊं नये. दीड हेक्टर कोरडवाहू जमिनीवर तीन भावांचे संसार चालत नाहींत. येथें जपानचा अनुभव दोन्हीं बाजूंनीं बोलका आहे. युद्धोत्तर काळांत तेथील शेतकरी कुटुंबांनीं पुष्कळ वर्षें शेती न सोडतां जवळच्या कारखान्यांत अथवा कचेरींत काम धरलें. घरटीं एखादा माणूस रोज जाऊन येऊन नोकरी करी आणि सुगीला सर्व मिळून शेतांत उतरत. रेल्वे, रस्ता व शाळा खेड्याजवळ असल्यामुळें हें साधलें, आणि एक-दोन पिढ्या तरी खेडीं जिवंत राहिलीं. पण चांगली नोकरी, वरचें शिक्षण व मोठें रुग्णालय टोकियो-ओसाकाकडेच एकवटत गेलें, तेव्हां नातवंडें परत आलीं नाहींत. यांतून निघणारा बोध उघड आहे. गांवापासून रोज जाऊन येण्याच्या अंतरावर काम, महाविद्यालय व दवाखाना असेल तर माणूस गांवांत राहून नागर जीवन जगूं शकतो. जेजुरी, बारामती, वालचंदनगर, इंदापूर यांसारखीं मध्यम ठिकाणें या दृष्टीनें मोलाचीं आहेत. तीं सशक्त झालीं तर मोरगांवाच्या मुलास पिंपरी-चिंचवडांत खोली घ्यावी लागणार नाहीं. तीं दुबळीं राहिलीं तर पुण्याची दाटी आणि कऱ्हाकांठचीं कुलुपें एकाच वेळीं वाढत जातील, आणि जिल्ह्याची सरासरी मात्र जागची हलणार नाहीं. २०११ सालीं ती दर चौरस किलोमीटरास ६०३ होती; त्या आंकड्यांत पुणें शहराची गर्दी आणि वेल्ह्याच्या डोंगरांतला एकांत दोन्ही मिसळलेले आहेत.

लोकसंख्येचा कोणताही आंकडा कानावर पडला असतां तीन प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी. ही सरासरी कोणत्या जमिनीवर काढली, सबंध मुलखावर कीं राहण्या-पिकण्याजोग्या भूमीवर? शहर म्हणून कोणास मोजलें, कायद्याच्या हद्दीस कीं प्रत्यक्ष दाट वस्तीस? आणि त्या माणसांचें पोट कशावर चालतें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें गणतीच्या ग्रंथांत मिळतात. तिसऱ्याचें उत्तर केवळ मोजून मिळत नाहीं. तें घडवावें लागतें, आणि त्यासाठीं नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व राज्यसरकार यांनीं हद्दी सरकविण्यापूर्वीं पाणी, रस्ता व काम हीं सरकविलीं पाहिजेत. जपाननें हद्दी अगोदर सरकविल्या, त्या त्याच्या कारखान्यांनीं भरून काढल्या. आपल्याकडे तशी खात्री नाहीं. म्हणून पुढच्या गणतीचे आंकडे प्रसिद्ध होतील तेव्हां महाराष्ट्र शेंकडा किती नागर झाला एवढेंच पाहून समाधान मानूं नये. नव्यानें शहर ठरलेल्या किती गांवांत नळास पाणी आहे, आणि खेडें राहिलेल्या किती गांवांत दिवेलागणीस घरांत दिवा लागतो, हेंही त्याच पुस्तकाची पानें उलटून पाहावें.